ढालकिड्यांची दुरडी

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि रुद्राणीला शिंक आली. तिच्यामागून दुसरी आली. तिसरी आली तेव्हा डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि समोरची गादी, गादीवरचा तराजू, तराजूमागचा माणूस… सगळं वितळल्यासारखं झालं.

"एका शिंकेला शंभर वरसं," तो वितळलेला माणूस म्हणाला. "तीनशे झाली. का अजून एक येऊन राहिलीय?"

तिनं पदरानं डोळे पुसले. माणूस नीट दिसू लागला. पंचविशीच्या आतबाहेरचा, गळ्यात लिंगाचा दोरा, पांढऱ्या सदऱ्यावर तंबाखूची पिवळट धूळ. पापण्यांवरसुद्धा धूळच. आणि त्या धुळीखाली हसणारे दोन डोळे.

खरं म्हणजे तिला या दुकानात यायचंच नव्हतं. अप्पानं, तिच्या वडलांनी, सांगितलेलं दुकान शेजारचं. पण त्याला कुलूप होतं. लातूर नवा जिल्हा झाल्यापासून उदगीरच्या निम्म्या बाजाराला काही ना काही निमित्तानं लातूरला जाऊन यायची हौस आली होती, आणि तो दुकानदारही 'जिल्ह्याला' गेला होता. कुलपाकडं बघत ती उभी राहिली, आणि नाकानं तिला शेजारची पायरी दाखवली.

"काय देऊ?"

"तंबाकू."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्यामागं मिरच्यांची रिकामी पाटी घेऊन उभ्या असलेल्या केवळाबाईकडं पाहिलं. "मावशी, तुमाला पायजे का?"

"मला कामून? पोरीला पायजे." केवळाबाई पायरीवर पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. ती रुद्राणीच्या गल्लीतली, शेजारच्या घरची. बाजारात वाळल्या मिरच्या विकून झाल्या की गंमत बघायला मोकळी.

"खायाची, का वढायची?" त्यानं विचारलं.

"फवारायची."

"कुणावर?"

"जास्ती बोलतेत त्येंच्यावर."

केवळाबाई खुदकन हसली. तो मात्र हसला नाही. तराजूचं रिकामं पारडं त्यानं उगीच हलवलं आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "मग दोन पुड्या बांधतो. एक इथं संपंल, एक घरी न्या."

आता रुद्राणीलाच हसू आलं. ते लपवायला तिनं खाली बघितलं, आणि खाली बघूनच सांगितलं, की वालाच्या वेलावर मावा पडलाय. हिरवट-काळा, शेंड्याशेंड्याला चिकटून बसलेला, कुणी मोहरी ओतून ठेवल्यासारखा. पानं चिकट झालीत, वळून राहिलीत. बाजारात मिळणारं विषारी औषध मारायचं नाही, कारण शेंगा लेकराबाळांच्या पोटात जायच्यात. तंबाखू उकळून, गाळून, त्या पाण्यात उलीसा साबण घालून ते शिंपडायचं आहे.

"मग चांगली पानं वाया घालू नका. देठं अन् चूर देतो, उकळायला तीच कडक." त्यानं पोत्यात हात घातला. "गाव कोणतं तुमचं?"

"मुखेडच्या वाटंवर. शिवणवाडी."

"म्हणजे नांदेड जिल्हा. आमी आता लातूरवाले. परजिल्ह्याच्या मानसाशी जपून बोलाय पायजे."

"कालपरवापर्यंत उस्मानाबादवाले होतात. तवा बी परकेच की."

"तवा इतकं वाईट वाटत नव्हतं," तो म्हणाला, आणि पुडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

त्याचं नाव भीमाशंकर. गुरुपादप्पा तंबाखूवाल्यांचा थोरला. हे तिनं विचारलं नव्हतं. केवळाबाईनं बसस्टँडवर येईपर्यंत दोन चौकशांत काढून घेतलं, आणि रुद्राणीच्या कानात ओतलं.

*

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. शिवारात ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. बहुतेकांची जनावरं छावणीत गेली होती, आणि शिवणवाडीच्या बायका टँकरची वाट बघत घागरींच्या रांगेत दिवस काढत होत्या. हिरवं म्हणून एकच काही गावात होतं. रुद्राणीच्या विहिरीशेजारचा वालाचा मांडव.

त्याच रांगेत ती बोलून बसली होती.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ येत होती. या मुलखात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरांना कड्या लागतात आणि सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी राहते, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव, बसतात. आणि त्यांच्यापुढं भज्जीचा हंडा. नव्या तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे, पालेभाज्या, ताक, बेसन… सगळं शिवार एका हंड्यात. पण यंदा शिवारच नव्हतं, तर हंड्यात काय घालणार? बायका हेच बोलत होत्या. कुणी म्हणालं, यंदा नुसतं पिठलं करू, पांडव काय रागावत न्हाईत. आणि रुद्राणी पटकन म्हणाली, "एका बी घरची भज्जी वालाबिगर शिजणार न्हाई. माझ्या मांडवाच्या शेंगा देईन. घरटी वंजळभर."

बोलून गेली. बायका तिच्याकडं बघतच राहिल्या. कुणी हसलं, कुणी तिच्या गालावरून बोटं ओवाळली. शब्द गावभर झाला.

अप्पाच्या, म्हणजे सिद्रामप्पाच्या, कानावर आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हिरीत पानी गुडघाभर हाय. ते बैलाचं. तुज्या येलाला रोज दोन घागरी, तू बोललीस म्हणून. पर मावा येल खाऊन राहिलाय. शेंगाच धरत नसतील तर त्या दोन घागरी बी बैलाच्याच." सिद्रामप्पा रागानं बोलत नसे. म्हणूनच तो बोलला की खरं असे.

तेव्हा मांडव जगायला हवा होता. येळवशीपर्यंत. तिच्या शब्दासाठी आणि गावच्या हंड्यांसाठी.

तिनं तंबाखूची देठं उकळली. सगळ्या घराला शिंका आल्या. सकाळच्या गारव्यात तिनं लिंबाच्या डहाळीनं ते पाणी पानांच्या खालच्या बाजूला शिंपडलं, आणि शिंपडता शिंपडता गुणगुणू लागली.

*येल चढला मांडवी, मांडवाला चार मेढी,*
*कुण्या गावाचा गं वारा माझी पानं पानं छेडी…*

बांधापलीकडून केवळाबाईचा आवाज आला. बाई कानानं पक्की, गळ्यानं त्याहून पक्की.

*पानं पानं छेडी वारा, वाऱ्याला गं नाव काय,*
*लेक बाजारा जाती, तिचा घरी ठरंना पाय.*

"मावशे, काम करू दे."

"कर की. मी कुठं तुझा हात धरलाय? धरनारा उदगिरात हाय."

*

पुढच्या बाजारी तिनं पळसाच्या पानात एक वालाचं पान गुंडाळून आणलं होतं. शिंक एकच आली.

"शंभरच वरसं," भीमाशंकर म्हणाला. "सवय होऊन राहिली म्हणायची."

"नाकाला व्हईना का. बरं, हे बघा." तिनं पळसाचं पान उघडलं. "मावा जरासा हटला. पर ही नवीन कीड आली. ह्याच्यावर तंबाकू चालंल का?"

वालाच्या पानावर एक अळी चालत होती. काळपट, अंगावर काटे, पाठीवर नारिंगी ठिपके. सुसरीचं पिल्लू कुणी तांदळाच्या दाण्याएवढं करून सोडावं तशी. भीमाशंकर वाकला. दोघांची डोकी त्या पानावर जवळ आली. तिच्या केसांना एरंडेलाचा वास होता, त्याच्या सदऱ्याला तंबाखूचा, आणि दोघांच्या मधून ती कुरूप अळी निवांत चालली होती.

"अशा किती हायत?" त्यानं हळूच विचारलं.

"लई. चिरडून चिरडून बोटं पिवळी झाली माझी." तिनं बोटं दाखवली.

तो त्या बोटांकडं पाहत राहिला. काहीतरी ओठांवर आलं त्याच्या… आणि तिथंच थांबलं.

"काय झालं?"

"काई न्हाई." त्यानं पोत्यात हात घातला. "पुढल्या बाजारी येनार ना?"

"मावा हाय तवर यावंच लागनार," ती म्हणाली. मग मान वाकडी करून, "का, दुकानाला गिऱ्हाईक न्हाई का दुसरं?"

"हायत. पर ती शिंकत न्हाईत."

पुडी बांधताना त्यानं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. रुद्राणीनं पुडी घेतली तेव्हा तिच्या बोटांना त्याची बोटं लागली की तिला तसं वाटलं, हे बसमध्ये बसल्यावरही तिला ठरवता आलं नाही. केवळाबाई शेजारी बसून एका पेरूचे चार भाग करत होती. "पोरगं चांगलं हाय," ती पेरूला म्हणाली. "पर आज कशानं तरी खंतावलं होतं."

*

तिसऱ्या बाजारी रुद्राणीला शिंक आलीच नाही. ती पायरीवर येऊन नुसती उभी राहिली.

"मावा दुपटीनं आला," ती म्हणाली. "त्या काट्याच्या अळ्या सगळ्या मारल्या मी. एक बी ठिवली न्हाई. तंबाकू मारली, राख मारली. अन् मावा असा चढला, जनू कुणी बोलावून आणला. शेंडे काळे पडले. फुलं गळून राहिलीत. अप्पा काल घागरीकडं बघत होते. घरटी वंजळभर म्हणले होते मी. सगळ्या बायकांसमोर."

भीमाशंकर गादीवरून उठला. पायरीच्या कडेला येऊन बसला, तिच्याकडं न बघता. समोरून धान्याची गाडी धूळ उडवत गेली.

"त्या अळ्या मावा खातेत," तो म्हणाला.

"काय?"

"ढालकिड्याची पिल्लं हायत ती. मोठी झाली की तांबडी, गोल, पाठीवर ठिपके… बघितली असतील तुमी. माझ्या मामाची करडई हाय, तिच्यावर दर हिवाळ्यात मावा पडतो. मावा आला की मागून ढालकिडे येतेत, अन् चाटून पुसून साफ करतेत. मामा कायबी फवारत न्हाई, वाट बघतो. तुमी चिरडल्या त्या अळ्या तुमचा येल राखून राहिल्या होत्या. चिरडायच्या राहिल्या त्या माझ्या तंबाकूनं मेल्या."

रुद्राणी त्याच्याकडं बघत होती. "तुमाला कवा कळलं?"

"मागल्या बाजारी. तुमी पळसाचं पान उघडलं, तवाच."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पापण्यांवरची धूळ तशीच होती.

"तुमी म्हणलाव… मावा हाय तवर यावंच लागनार." एवढं म्हणून तो थांबला. मग एका दमात बोलला. "सांगितलं असतं तर तंबाकू लागली नसती. तंबाकू लागली नसती तर तुमी आला नसताव. मला वाटलं, एकच बाजार… एक बाजार आणखी बघावं तुमाला, मग सांगावं. तेवढ्यात येल एवढा जाईल असं वाटलं न्हाई. चुकलं माझं."

रस्त्यावर कुणीतरी गूळ कुठं मिळतो म्हणून ओरडून विचारत होतं. रुद्राणीच्या छातीत दोन गोष्टी एकदम उठल्या, आणि कुठली आधी बाहेर काढावी ते तिला कळेना. शेवटी रागच जवळ होता.

"तुमच्या एका बाजारापायी," ती म्हणाली, "गावच्या चुली… गावची भज्जी… येल वाचला तर बगू. न्हाई वाचला तर ह्या गल्लीत पाय ठिवणार न्हाई मी. सांगून ठिवते."

आणि ती निघाली. तंबाखू न घेता.

बसमध्ये तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. राग चांगला होता, घट्ट होता. अर्ध्या वाटेपर्यंत तो टिकला.

"रागात हाईस का?" केवळाबाईनं विचारलं.

"हाव."

"मग हसून कामून राहिलीस?"

"ऊन लागून राहिलंय डोळ्यात."

"ऊन तर पल्याडच्या अंगाला हाय," केवळाबाई म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली.

*

बाजार नसलेल्या एका सकाळी विहिरीच्या वाटेवर सायकलची घंटी वाजली.

रुद्राणी मांडवाखाली काळे पडलेले शेंडे खुडत होती. वळून पाहते तर भीमाशंकर. सायकलच्या मागं दोरीनं बांधलेली एक दुरडी, तिच्यावर ओलं मलमल ताणून बसवलेलं. उदगीरहून सायकल मारत आला होता, सदरा पाठीला चिकटला होता. अप्पा बैलांसाठी कडबा बघायला गेला होता. मांडवाच्या मेढीपाशी तिची अव्वा, म्हणजे आई, दानम्मा, हातात पिठाची वाटी घेऊन बसली होती, ती उठून उभी राहिली.

"शरणार्थी," लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार करत त्यानं दोन्ही हात जोडले. "उदगीरचा हाय मी. किडे घेऊन आलोय."

दानम्मानं आयुष्यात पुष्कळ पाहुणे पाहिले होते. पेढे आणणारे, फळं आणणारे, रिकाम्या हातानं येणारे. हा प्रकार नवा होता. "बसा," ती म्हणाली, कारण पाहुण्याला दुसरं काय म्हणतात?

"मोठे, पिल्लं, सगळे मिळून एक दुरडी भरली," तो रुद्राणीला म्हणाला, अजून धाप लागलेली. "मामाच्या करडईतून. परवापासून येचून राहिलो. मामा म्हणला, किडे कशाला पायजेत रे? म्हणलो, एका घरी आहेराला न्यायचेत."

"आहेर असा असतोय व्हय?"

"ज्याला जे लागतं ते द्यावं."

त्यानं मलमल उचललं. करडईच्या काटेरी पानांत तांबडे, नारिंगी, ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे हलत होते. वाटाण्याची अर्धी फाक रंगवून पाय लावावेत तसे. त्यांच्यात त्या काट्यांच्या कुरूप अळ्याही होत्या. रुद्राणीचा हात सवयीनं पुढं झाला आणि मध्येच थांबला.

"ह्यांना मारलं मी," ती हळूच म्हणाली.

"ह्यांची भावकी मोठी हाय. राग धरत न्हाईत."

त्यानं एक ढालकिडा बोटावर घेतला. तिच्यापुढं बोट धरलं. तिनं आपलं बोट त्याच्या बोटाला लावलं, आणि तो किडा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जावा तसा सावकाश चालत तिच्या नखावर आला. दोघंही श्वास न घेता पाहत होते. तो नखावरून शेंड्यावर उतरला, माव्याच्या थराजवळ गेला, आणि खायला लागला.

"भुकेला हाय," ती म्हणाली.

"सकाळपासून न्हाई खाल्लं."

"किडा?"

"…किडा बी."

पण थोड्या वेळानं भीमाशंकरच्या कपाळाला आठी पडली. मेढीवरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढत होती, आणि ढालकिडा माव्याजवळ आला की मुंग्या त्याच्या पायांना चावत, त्याला हुसकून लावत. एक किडा तर फांदीवरून खालीच पडला.

"मुंग्या एवढ्या कामून इथं?" त्यानं विचारलं.

रुद्राणीनं अव्वाकडं पाहिलं. अव्वानं हातातल्या वाटीकडं पाहिलं.

"मी घालते की," दानम्मा म्हणाली. "दर सोमवारी. पीठ अन् साखर. नेम हाय माझा. मांडव हिरवा हाय, गार हाय, म्हणून हितंच घालते. मुंग्यांना बी जरा सावली."

भीमाशंकरनं ओठ घट्ट मिटले. रुद्राणीनं पाहिलं, की त्याला हसू आवरत नाहीये. आणि तिला स्वतःलाही. दुष्काळाच्या वर्षात अव्वा दर सोमवारी साखर घालून माव्याच्या राखणदारांना जेवू घालत होती. मावा गोड चिकट रस सोडतो, मुंग्या तो चाटतात, आणि त्या रसापायी माव्याला गुराखी गाईला जपतो तसं जपतात. भीमाशंकरनं हे सगळं समजावून सांगितलं. दानम्मानं वाटी पोटाशी धरली.

"म्हणजे मुंग्यांच्या तोंडचं काढू? माझ्या सासूपासून चाललेला नेम हाय तो."

"काढू नका अव्वा." तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "जागा तेवढी बदला. त्या पल्याडच्या बांधाच्या बाभळीखाली घाला. मुंग्यांचं पोट भरंल, तुमचा नेम ऱ्हाईल, अन् येलाला श्वास येईल."

दानम्मानं बाभळीकडं पाहिलं, मग पोराकडं. बराच वेळ पाहिलं. "अव्वा म्हणला मला," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि वाटी घेऊन बांधाकडं निघाली.

दुपारपर्यंत दोघांनी मिळून चारी मेढींना एरंडेलात बुडवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, म्हणजे मुंग्यांना वर चढता येऊ नये. बुडाशी चुलीची राख पसरली. अगदी काळे पडलेले शेंडे खुडून मातीत पुरले. रुद्राणीनं आपल्या दोन घागरींतली अर्धी घागर शिंपडून पानांचा चिकटा धुतला. काम करताना बोलणं थोडंच झालं. "तिकडची गाठ धरा." "ही?" "न्हाई, वरली." पण एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता, की मांडव चार मेढींचा आहे याचं रुद्राणीला वाईट वाटू लागलं. सोळा मेढींचा असता तर?

जाताना त्यानं सायकलला पाय लावला आणि विचारलं, "आता तंबाकू लागनार न्हाई तुमाला."

"न्हाई."

"मग… बाजारी?"

"मांडव वाचला न्हाई अजून," ती म्हणाली. "येळवशीपर्यंत तोंड दाखवू नका मला."

तो गेला. रिकामी दुरडी मागं विसरून. की ठेवून, कोण जाणे.

*

तिनं सांगितलं खरं, पण येळवशीपर्यंतचे दिवस सांगणारीलाच जड गेले. रोज सकाळी ती मांडवाखाली उताणी पडून पानांच्या खालच्या बाजू बघायची. आधी मावा होता तसाच. मग जागोजाग माव्याच्या पोकळ, भुरकट टरफलं दिसू लागली. काट्यांच्या अळ्या पानोपानी फिरू लागल्या, आता तिच्या डोळ्यांना त्या देखण्या वाटत. एका पहाटे दवात एक निळं-जांभळं फूल गळलं नाही. दुसऱ्या दिवशीही ते होतं. त्याच्या जागी नखाएवढी, चपटी, मखमली शेंग आली तेव्हा रुद्राणी तिच्याकडं बघत इतका वेळ बसली, की अप्पाच घागर घेऊन आला.

"दोन कमी पडतील आता," सिद्रामप्पा म्हणाला. "तिसरी घे."

येळवशीच्या आदल्या दिवशी ती दुरडी कमरेला लावून घरोघर हिंडली. घरटी ओंजळ जमली नाही. मूठ-मूठ शेंगा झाल्या, काही घरी लहान मूठ. पण एकही चूल सुटली नाही. कुणी घेताना शेंगांना नाकाशी धरलं, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. केवळाबाईनं तर मुठीतली एक शेंग परत दुरडीत टाकली. "ही पावण्यासाठी ठिव."

"कुठला पावना?"

"येळवशीला बोलवावं लागत न्हाई. ज्याला यायचं त्यो येतोय."

ते खरंच होतं. त्या दिवशी आमंत्रण नसतं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो, अनोळखी असो, हाक मारायची आणि पंगतीला बसवायचं. शहरातली माणसं सकाळपासून शेताशेतांकडं निघतात, उदगीरच्या बाजारात त्या दिवशी कुत्रंसुद्धा दिसत नाही. रुद्राणीला हे लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या सकाळी बाजरीचे उंडे वळताना तिचं लक्ष सारखं बांधावर होतं.

कोप उभी राहिली. पांडव चुन्यानं पांढरे झाले. दानम्मानं हंड्यावरचं झाकण काढलं, आणि वालाच्या दाण्यांचा, चिंचेचा, ताकाचा वास त्या करपलेल्या रानावर पसरला. पूजा झाली. आणि तेव्हा बांधावर एक माणूस उभा राहिला. धुतलेला सदरा, पापण्यांवर धूळ नाही. सायकल बाभळीला टेकवलेली.

तो पुढं येईना. सिद्रामप्पानं त्याला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं, आणि येळवशीला सगळे मारतात तशी हाक मारली, "या पावणं. जेवायला या."

भीमाशंकर पंगतीत बसला. रुद्राणीनं त्याच्या पत्रावळीवर भज्जी वाढली. तिनं पळी दोन्ही हातांनी धरली होती.

"कुठले?" सिद्रामप्पानं विचारलं.

"उदगीरचे. गुरुपादप्पा तंबाकूवाल्यांचा थोरला."

"असं." सिद्रामप्पानं घास घेतला, सावकाश चावला. "म्हणजे दुरडी तुमची. हिनं सांगितलं मला." त्यानं दानम्माकडं मान हलवली. "दुकान तंबाकूचं, अन् सांगताव तंबाकू नका मारू. असा धंदा कसा व्हायचा?"

"आधी सांगितलं न्हाई," भीमाशंकर म्हणाला. त्यानं हातातला उंडा खाली ठेवला. "एक बाजार गप्प बसलो. ती चूक हाय माझी. येल त्या पायी मरायला टेकला होता. तुमाला हे ठाऊक पायजे, म्हणून सांगतो."

"गप्प कामून बसलाव?" सिद्रामप्पानं विचारलं.

भीमाशंकरनं फक्त एकदा वर पाहिलं. पळी घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडं. आणि लगेच खाली.

"सिद्रामप्पा," केवळाबाई पलीकडून म्हणाली, "जेवू दे की त्याला. तुला काय सगळं बोलूनच सांगाय पायजे?"

रुद्राणीला वाटलं, आता मांडवाखाली जाऊन बसावं, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येऊ नये. पण पळी हातात होती. तिनं पाहिलं, अप्पा पाहुण्याकडं बघतोय, मग हंड्याकडं, मग तिच्याकडं. त्या बघण्यात राग नव्हता. ती बापाच्या डोळ्यांना डोळे लावून उभी राहिली. मान खाली घातली नाही. तेवढंच तिचं बोलणं होतं, आणि अप्पाला ते ऐकू गेलं.

जेवणं झाली. शेताभोवती आंबील शिंपडायची वेळ झाली. पुढं आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, घेऊन एकानं चालायचं, मागून दुसऱ्यानं लिंबाच्या डहाळीनं चारी बांधांवर आंबील शिंपडत जायचं. सिद्रामप्पाला मुलगा नव्हता. दरवर्षी बिंदगं रुद्राणीकडं असे आणि डहाळी त्याच्या स्वतःच्या हातात.

रुद्राणीनं बिंदगं कमरेवर घेतलं. सिद्रामप्पानं डहाळी उचलली. क्षणभर हातात धरली, पानं नीट केली. आणि कोपीपाशी उभ्या असलेल्या भीमाशंकरच्या हातात दिली.

"माझं गुडघं दुखून राहिलंय," तो म्हणाला, आणि कडब्याला पाठ टेकून बसला. गुडघा दुखतोय असं त्याच्या बसण्यावरून मुळीच वाटत नव्हतं.

दोघं निघाली. ती पुढं, तो मागं. विहिरीवरून, ज्वारीच्या खुरट्या ताटांवरून, बांधाच्या वाळक्या गवतावरून. तो डहाळी बुडवायचा, शिंपडायचा. आंबिलीचे थेंब करपल्या मातीवर पडायचे आणि पडल्यापडल्या जिरायचे. मागं कोपीपाशी केवळाबाईचं बोलणं आणि हसणं चाललं होतं. वालाच्या मांडवापाशी आल्यावर त्याची पावलं थांबली.

"हे काम…" त्याचा आवाज खाली गेला. "हे घरच्यानंच करायचं असतंय ना?"

रुद्राणीनं मागं वळून पाहिलं नाही. बिंदगं सावरलं.

"मग करा की," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.